एक डाय, एक मालक

डायवाल्या काकांची आठवण निघाली की मला राग येतो. गेलेल्या माणसाबद्दल लोक हळवे होऊन बोलतात, मला ते जमत नाही. त्यांनी आमच्या गल्लीला चाळीस वर्षं सरळ ठेवलं असं सगळे म्हणतात. ठेवलं असेल. पण माझ्या बाबतीत त्यांनी जे करायला हवं होतं ते केलं नाही. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही आणि ते गेले म्हणून करणारही नाही.

शनिवार पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आम्ही खोकी करणारे नऊ-दहा जण होतो. मिठाईची खोकी, साड्यांची, चूर्णाच्या बाटल्यांची. गल्लीच्या मधोमध काकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, तीही अशी की आत कोणालाच सरळ उभं राहता येत नसे. दिवसभर वाकून काम करायचे आणि बाहेर आले की सगळ्यांशी ताठ्याने बोलायचे. वर पहिल्या मजल्यावर त्यांचं घर होतं.

डोळ्यांवर दोन चष्मे. एक नाकावर आणि दुसरा त्या चष्म्यावर. दोन्ही नंबर एकाच काचेत बसवून मिळतात असं मी एकदा चांगुलपणाने सुचवलं, तर म्हणाले, "मला माहीत आहे. आपली नेमणूक कोणी केली?" पुढे डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी एकच चष्मा दिला, तरी हे दोनच लावत. फोन आला की उचलल्या उचलल्या "राँग नंबर" म्हणून ठेवून देत. ज्याचं खरंच काम असेल तो पुन्हा करतो, हे त्यांचं शास्त्र. सख्ख्या बहिणीलाही दर भाऊबीजेला दोनदा फोन करावा लागे. कोणी चपला फरफटत गेला की आतून ओरडायचे, कोणी 'थँक्यू' म्हणालं तरी ओरडायचे. पट्टीला धार लागते आणि माणसाला लाज लागते, हे त्यांचं आवडतं वाक्य. ते दिवसातून एकदा तरी कोणाच्या ना कोणाच्या अंगावर पडायचंच.

डाय म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्लायवूडच्या पाटीवर खोक्याचा आकार काढतात, बारीक करवतीने त्या रेघांवर फट पाडतात आणि फटीत पोलादी पट्टी वाकवून ठोकतात. धारेची पट्टी पुठ्ठा कापते, बोथट पट्टी घडी पाडते. ही पाटी पंचिंग मशीनला लावली की एका दाबात पुठ्ठा कापून निघतो, मग फक्त दुमडायचा. धारेला मधे मधे एक बारीक खाच ठेवावी लागते, नाहीतर कापलेला तुकडा मशीनमध्येच सुटून पडतो. खाच कुठे ठेवायची हे ज्याच्या त्याच्या हाताचं असतं. काका कुठलाही खोका उलगडून त्याच्या कडेवरून बोट फिरवत आणि डाय कोणी केली ते सांगत. "रविवार पेठ. माणूस चांगला आहे, पण घाईत असतो."

आणि या माणसाचा एक नियम होता. एक डाय, एक मालक. कोणी नव्या आकाराचा खोका काढला आणि काकांकडून त्याची डाय करून घेतली, की तो आकार त्याचा झाला. दुसऱ्या कोणी तसाच मागितला तर काका करून देत नसत. एखाद्याला मोठी ऑर्डर आली आणि दुसऱ्याची डाय हवी असली तर मालकाला विचारायचं, मालक सहसा हो म्हणायचा, काम झालं की डाय पुसून परत. विचारायचं मात्र. यात कुठे सही नव्हती, शिक्का नव्हता, वकील तर नव्हताच. सगळ्यांच्या डाय काकांच्या भिंतीवर टांगलेल्या असत आणि प्रत्येक मालकाच्या डायला त्याच्या रंगाचा दोरा. हे सगळं एका वहीत लिहून का ठेवत नाही, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "लिहिलं की लोक लिहिलेल्यात फट शोधतात. न लिहिलेल्यात शोधा म्हणावं."

एकदा लक्ष्मी रोडवरच्या एका मिठाईवाल्याचा माणूस दुसऱ्याच दुकानातला खोका घेऊन आला आणि असाच पाहिजे म्हणाला. काकांनी तो खोका हातात घेतला, उलगडला, कडेवर बोट फिरवलं आणि चालू पडले. तो माणूस मागे, काका पुढे. गल्लीच्या टोकाला ज्याचा तो आकार होता त्याच्या दुकानात जाऊन त्यांनी खोका टेबलावर ठेवला. "हा तुमचा. हे गृहस्थ घेऊन हिंडत होते. वस्तू जपून ठेवत जा." परत येताना तो माणूस दुप्पट मजुरी देतो म्हणाला. काका म्हणाले, तुम्ही दुप्पट द्या, मी चौपट नाही म्हणतो. तो शिव्या देत गेला आणि दोन दिवसांनी मालकाकडेच मुकाट्याने ऑर्डर देऊन गेला.

मी या गल्लीत उपरा होतो. मूळचा वर्ध्याचा. खडकीला खोली घेऊन राहत होतो आणि एका कारखान्यात पॅकिंग खात्यात कंत्राटावर आठ वर्षं काढली होती. कंत्राट संपलं, तेव्हा जुनं पंचिंग मशीन घेतलं आणि इथे गाळा भाड्याने घेतला. गल्लीने मला नागपूरवाले म्हणायला सुरुवात केली. नागपूर नव्हे, वर्धा, असं मी पहिलं वर्षभर सांगत राहिलो आणि मग नाद सोडला. पुठ्ठा कोणाकडे चांगला मिळतो, कोणतं गिऱ्हाईक बुडवं आहे, हे मला कोणी सांगत नसे. पहिल्या डायसाठी काकांनीच तीन आठवडे खेटे घालायला लावले. रोज गेलो की एक टोमणा. "तुमच्याकडे उन्हाने पुठ्ठासुद्धा वाकतो म्हणे." घरी येऊन सांगितलं की बायको म्हणायची, "काहून जाता हो त्या खवट माणसाकडे? दुसरा कोणी नाही का पुण्यात?" दुसरे होते. पण दुसऱ्यांच्या भिंतीवर दोरे नव्हते, आणि त्या दोऱ्यांचं महत्त्व मला फार लवकर कळलं होतं. माझ्यासारख्या उपऱ्याला दुसरं राखणारं कोण होतं?

मग बायकोने मोदकाचा खोका केला. आमच्याकडे मोदक तळणीचे, पिशवीत टाकून आणले तरी त्यांना काही होत नाही. उकडीचे तिने पुण्यात आल्यावर पहिल्यांदा पाहिले. शेजारणीने दुकानातून आणलेला खोका उघडला तर अकरापैकी सात मोदकांची नाकं तुटून झाकणाला चिकटलेली. शेजारीण म्हणाली, असंच असतं. हिला ते पटेना. पूर्ण श्रावण तिने जुन्या लग्नपत्रिका कापण्यात घालवला. खाली अकरा मोदकांना अकरा बैठका, झाकण चार कोपऱ्यांच्या घड्यांवर उचललेलं, वाफ जायला बाजूने चिरा, आणि सगळं एकाच पुठ्ठ्यातून, गोंदाचा थेंब नाही. पलंगाखाली बिघडलेल्या खोक्यांचा ढीग झाला होता.

काका कागदावरचं चित्र घेत नसत, मोबाईलवरचं तर नाहीच. हाताने दुमडलेला खोका दाखवावा लागे. मी नेला. त्यांनी समोरच्या दुकानातून स्वतःच्या खर्चाने अकरा उकडीचे मोदक आणवले, खोक्यात मांडले, खोका सायकलच्या कॅरियरला लावला आणि सायकल हातात धरून नदीपर्यंत आणि परत, सगळ्या खड्ड्यांतून चालवत आणली. येऊन झाकण उघडलं. अकराच्या अकरा मोदक नाकासकट शाबूत. त्यांनी वरचा चष्मा काढला.

"कोणी केलं हे?"

"बायकोने."

"वाटलंच. तुमचं डोकं असं चालतं तर खडकीत आठ वर्षं काढली नसतीत. त्यांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. ती पाया पडायला वाकली तर ओरडले, इथे वाकायला जागा नाही, उभ्या राहा. मग तिला म्हणाले, "हा आकार तुमचा. माझा हात चालतो तोवर दुसऱ्या कोणाला मिळणार नाही." दोऱ्याचा रंग तिलाच निवडायला लावला. तिने केशरी घेतला. घरी आल्यावर ती एकदम म्हणाली की आता आपण पुण्याचे झालो. मला तेव्हा हसू आलं होतं.

त्या खोक्याने आम्हाला दोन वर्षं पोसलं. गणपतीच्या दहा दिवसांत गाळ्याचं वर्षाचं भाडं सुटायचं, मुलीची डिप्लोमाची फी सुटायची. दुसऱ्या वर्षी कोपऱ्यावरच्या बापूंना, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात मोठ्या खोकेवाल्यांना, त्याच खोक्याची मोठी ऑर्डर आली. बापूंनी मनात आणलं असतं तर मला चिरडलं असतं. ते काकांकडे आले, काकांनी मला विचारलं, मी बायकोला विचारलं. तिने हो म्हटलं. काम झाल्यावर डाय पुसून परत आली आणि घरी पेढ्यांचा पुडा आला. वर बापूंची चिठ्ठी होती, वहिनींना नमस्कार म्हणून. तो कागद तिने देवघरात ठेवला होता.

त्याच वर्षीच्या दिवाळीची गोष्ट. काकांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि दुकान महिनाभर बंद. एक मिठाईवाला माझ्याकडे फराळाचा खोका घेऊन आला, वर खिडकी असलेला, छान होता. असाच पाहिजे, चार दिवसांत पाहिजे, जमत नसेल तर सांगा, दुसरीकडे जातो. कोणाचा आकार आहे हे विचारायला काका नव्हते. म्हणजे काका पहिल्या मजल्यावर डोळ्याला पट्टी लावून पडले होते, जिना चढून विचारता आलं असतं. मी जिना चढलो नाही. शहराबाहेर, मांजरी गावाला गेलो.

मांजरीला उसाच्या शेताला लागून एक शेड झाली होती, तिथे लेझरने डाय कापून देत. एसी खोली, काचेचं दार, कॉम्प्युटरपुढे एक हसतमुख मुलगा. त्याने खोका उलगडून स्कॅन केला, माप विचारलं, संध्याकाळी घेऊन जा म्हणाला. कोणाचा आहे, हे त्याने विचारलं नाही. खोटं कशाला सांगू, मला त्या न विचारण्याने फार बरं वाटलं. तीन आठवडे खेटे नाहीत, टोमणा नाही, सर, बसा, पाणी घ्या. पुठ्ठ्याच्या धंद्यात आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी सर म्हणालं होतं. खोका कोल्हापूरकडचा असेल, अशी मी माझी समजूत घातली आणि ऑर्डर वेळेत दिली.

दिवाळीनंतर काका पुन्हा बसू लागले आणि एक नवल झालं. जो माणूस कामाशिवाय कोणाच्या दुकानात पाऊल टाकत नसे तो दर चार दिवसांनी माझ्या गाळ्यात यायला लागला. यायचे, पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर बसायचे, पाणी मागायचे, दहा मिनिटं मशीनकडे बघत बसायचे आणि जायचे. पहिल्याच वेळी त्यांनी तिथे पडलेला फराळाचा खोका उचलून कडेवर बोट फिरवलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. पण खोका जागेवर ठेवून ते पाणी प्यायले. डोळ्याला अजून नीट दिसत नसेल, असं मला वाटलं. नंतर तर मला अभिमान वाटायला लागला. गल्लीत कोणाकडे जात नाहीत, माझ्याकडे येतात, असं मी घरी सांगत असे. बायको त्यांच्यासाठी लिंबाचं लोणचं पाठवायची.

दहा महिन्यांनी गणपती आले, आणि लक्ष्मी रोडवरच्या तीन दुकानांत मला आमचा मोदकाचा खोका दिसला. आमच्याकडून गेलेला नव्हता. पुठ्ठा हलका होता, पण बैठका अकरा, कोपरे तेच, चिरा तिथेच. खालच्या बाजूला बापूंच्या दुकानाचं नाव. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तसाच गाडी काढून काकांकडे आलो आणि भर गल्लीत बापूंचा उद्धार केला. चोर म्हणालो, पेठेतले सगळे असेच म्हणालो, बाहेरच्या माणसाचं लुटायला तुम्हाला लाज वाटत नाही म्हणालो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना बोलावलं.

जागा नसल्यामुळे सगळे रस्त्यावरच उभे होते आणि काका पायरीवर स्टुलावर. सुरुवातीला त्यांनी एवढंच सांगितलं की इथलं बोलणं कोणी घरी न्यायचं नाही. मग मी बोललो. बायकोचा श्रावण सांगितला, लग्नपत्रिका सांगितल्या, केशरी दोरा दाखवला. बोलता बोलता माझा आवाज चढला आणि मी पुन्हा एकदा चोर म्हणालो. बापूंनी मान वर केली.

"काका, आता बोलू का?"

काकांनी होकार दिला. बापूंनी पिशवीतून दोन खोके काढले. दोन्ही फराळाचे, दोन्हीला खिडकी. पहिला माझा होता. दुसरा जुना, कडा पिवळ्या पडलेला.

"हा माझा, सहा वर्षांपूर्वीचा," बापू म्हणाले. "डाय या भिंतीवर आहे, काळा दोरा, बघून घ्या. दिवाळीत मी काकांकडे आलो होतो. म्हटलं, नागपूरवाल्यांनी माझा खोका कापलाय, बोलवा त्यांना. काका म्हणाले, थांबा. नवीन आहेत, ठाऊक नसेल. कळलं की आपण होऊन सांगतील. मी थांबलो. गौरी-गणपतीपर्यंत थांबलो. किती थांबायचं माणसाने?"

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, चोराच्या उलट्या बोंबा.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी मघाशी टाळली आणि आताही सांगायला जड जातेय. मला ठाऊक होतं. दिवाळी संपल्यावर आठवड्याभरात एका दुकानाच्या काचेत मी तो जुना खोका पाहिला होता, खाली बापूंचं नाव वाचलं होतं. तिथून सरळ बापूंकडे जाऊन, चुकलं, एवढं म्हटलं असतं तर बापूंनी दोन शब्द सुनावले असते, चहा पाजला असता आणि विषय संपला असता. पण आज जाऊ, उद्या जाऊ करत मी गेलो नाही. मग वाटलं, कोणाला कळलंच नाही तर कशाला उकरायचं?

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी सगळ्यांना उद्देशून विचारलं, मांजरीला आणखी कोण कोण जाऊन आलं.  एकाने मोबाईल काढला, एकाने चपलेचा अंगठा नीट केला, दोघे भिंतीकडे बघायला लागले. सगळ्यांची तोंडं बघितल्यावर मला कळलं की जाऊन न आलेला एकही नव्हता. काकांनी वरचा चष्मा काढला, मग खालचाही काढला, दोन्ही खिशात ठेवले.

"बरं. मग माझं काम संपलं. आपापल्या डाय घेऊन जा."

पुढचे पंधरा दिवस गल्लीतला प्रत्येक जण येऊन आपापल्या दोऱ्याच्या डाय घेऊन गेला. कोणी टेम्पो आणला, कोणी हातगाडी. एकानेही, काका, असं करू नका, असं म्हटलं नाही, आणि त्यात मीही आलो. पेठेतल्या त्या सगळ्या शहाण्यांचा मला आजही संताप येतो. चाळीस वर्षं या माणसाच्या जिवावर एकमेकांकडे पाठ करून निवांत झोपले. काचेच्या दारामागे कोणी सर म्हटलं तर महिन्याभरात सगळे विकले गेले, आणि नाव मात्र माझ्या एकट्याचं झालं.

मी सगळ्यात शेवटी गेलो. भिंतीवर आमच्या चारच डाय उरल्या होत्या. काकांनी मोदकाची डाय उतरवली, कपड्याने पुसली आणि माझ्यापुढे धरली. मला राहवलं नाही. विचारलं, दिवाळीतच का नाही बोललात? चपला वाजल्या तरी ओरडता, माझ्यावर का नाही ओरडलात?

"ओरडलो असतो तर माझ्या भीतीने कबूल केलं असतंत. त्याचा काय उपयोग?"

"मला काय माहीत तुम्ही वाट बघताय ते?"

"दहा महिने तुमच्या गाळ्यात येऊन बसत होतो," ते म्हणाले. "माझ्या घरी काय पाण्याचा नळ नाही?"

मी डाय घेतली आणि निघून आलो. राग तेव्हाही आला होता, आणि दर वर्षी वाढतच गेला. परीक्षा घेणाऱ्याने निदान परीक्षा आहे एवढं तरी सांगावं. माझी लायकी जोखायला त्यांनी पणाला काय लावलं? माझ्या बायकोचा खोका लावला. जो त्यांनी स्वतःच्या तोंडाने तिचा आहे म्हणून सांगितलं होतं तो. मी लायक नव्हतो, मान्य. पण तिने काय केलं होतं? एकदा, फक्त एकदा माझ्या अंगावर ओरडले असते, पट्टीला धार लागते आणि माणसाला लाज लागते म्हणाले असते, तर मी त्याच दिवशी बापूंचे पाय धरले असते. ज्याला त्याला फुकट वाटलेली ती शिवी मला एकट्याला नाकारली त्यांनी.

मोदकाचा खोका आता कोणाचाच नाही. पुढच्या गणपतीत तो चौदा जणांनी काढला, त्याच्या पुढच्या वर्षी किती जणांनी, ते मोजायचं मी सोडून दिलं. भाव इतका पडला की हलका पुठ्ठा लावावा लागतो, आणि हलक्या पुठ्ठ्यात झाकण खचतं. मोदकांची नाकं पुन्हा तुटायला लागली आहेत. मीही आता मांजरीलाच जातो. जातो म्हणजे घरबसल्या फोटो पाठवतो. नवा आकार काढला तर तो आठ दिवस आपला, नवव्या दिवशी सगळ्यांचा. म्हणून हल्ली कोणी नवा आकार काढतच नाही. बायकोने त्यानंतर एकही खोका केला नाही. कात्री घेऊन बसायची, थोडा वेळ कापायची आणि उठायची. शेवटी लग्नपत्रिका जपून ठेवणंही तिने बंद केलं.

तिला गल्लीत झालेलं काही ठाऊक नाही. इथलं बोलणं घरी न्यायचं नाही, एवढा एक न लिहिलेला नियम गल्लीने शेवटपर्यंत पाळला. तिला एवढंच माहीत की बापूंनी आपला खोका चोरला आणि त्या धसक्याने काकांनी दुकान बंद केलं. हे तिला मी सांगितलं. बापूंची चिठ्ठी तिने देवघरातून काढून चुलीत घातली असती, पण आमच्याकडे चूल नाही, म्हणून गॅसवर जाळली.

गेल्या वर्षी काका गेले. आम्ही दोघे भेटायला गेलो. वर त्यांची बहीण होती, गल्लीतले चार-सहा जण होते. बायको बहिणीजवळ बसून रडली. उठून बाहेर आलो तर जिन्याच्या तोंडाशी बापू चपला शोधत होते. थकले होते, काठी आली होती. मी त्यांना ओलांडून खाली उतरायला बघत होतो, पण ही थांबली.

"झालं ना बापू, तुमच्या मनासारखं?" ती सगळ्यांसमोर म्हणाली. "एका खोक्यापायी म्हाताऱ्या माणसाचं दुकान बंद करवलं तुम्ही. आता माणूसच गेला. माझ्या खोक्याचं जाऊ द्या, पण त्यांच्याशी तरी असं काहून वागले?"

 आतले दोघे दारापर्यंत आले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि ते माझ्याकडे बघत होते. बापूंनीही माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी कठडा धरून उभा होतो.

"चुकलं माझं, वहिनी," बापू म्हणाले, आणि चपला घालून एकेक पायरी उतरत निघून गेले.

मला बापूंचा इतका राग कधीच आला नव्हता. परत येताना ती म्हणाली, बरं झालं मी बोलले ते, निदान कबूल तरी केलं त्या माणसानं. मी हो म्हटलं.